घरचा स्मोक अलार्म: आधी तारीख बघा, मग शिव्या द्या

वाचक विचारतात, वायरमन सांगतो

थंडी पडली की अमेरिकेतल्या घरांत हीटर लागतात, खिडक्या बंद होतात आणि छतावरचे स्मोक अलार्म बोलायला लागतात. म्हणून या अंकातलं सदर त्यांच्यावरच. नव्या वाचकांसाठी सांगतो: मी मूळचा डोंबिवलीचा. आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला आणि आता न्यू जर्सीत घरांच्या वायरिंगची, अलार्मची कामं करतो. आपल्या माणसांकडे काम निघालं की आल्याचा चहा मिळतो आणि एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, तो फार कटकट करायचा, म्हणून सेल काढून ठेवलाय." एनएफपीए ही इथली अग्निसुरक्षेचे नियम लिहिणारी संस्था. तिच्या आकड्यांप्रमाणे घरच्या आगींत जे मृत्यू होतात, त्यांतले साधारण पाचांतले तीन अशा घरांत होतात, जिथे अलार्म नव्हताच किंवा होता पण बंद होता. आणि असलेला अलार्म न वाजण्याचं पहिल्या नंबरचं कारण म्हणजे काढून ठेवलेला नाहीतर संपलेला सेल. तेव्हा कटकट करतो म्हणून काढू नका. का करतो ते बघू.

काका, आमच्या घरात सहा अलार्म आहेत. गेले काही दिवस पहाटे तीनच्या सुमाराला त्यांतला एक दर मिनिटाला 'चिक्' करतो. दिवसभर चिडीचूप. ह्यांनी शिडीवर चढून सगळ्यांचे सेल बदलले, तरी परत तेच. सासूबाई म्हणतात, घरात काहीतरी आहे.
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. घरात काहीतरी आहे, आणि ते छताला चिकटलेलं आहे.

पहाटेचंच का, ते आधी सांगतो. सेल संपत आला की त्याचं व्होल्टेज काठावर येतं, आणि गारठ्यात ते आणखी थोडं उतरतं. रात्री तुम्ही हीटर खाली करता, पहाटे घर सगळ्यांत गार होतं आणि नेमकं तेव्हा व्होल्टेज अलार्मच्या मर्यादेखाली जातं. सकाळी घर तापलं की पुन्हा वर. म्हणून दिवसा गप्प.

आता ओरडणारा शोधा. खरी आग असेल तर एकमेकांना जोडलेले सगळे अलार्म एकदम वाजतात. पण 'चिक्' ज्याचं दुखणं त्याचंच असतं. एकेकाच्या बरोबर खाली दोन-दोन मिनिटं उभ्या राहा, लांबून अंदाज बांधू नका, कारण आवाज भिंतींवरून फिरतो. छतावरचे सगळे गप्प निघाले तर खालच्या प्लगात खोचलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बघा. आणि हसू नका, पण गराजमधला ड्रॉवरही उघडून बघा. कधीतरी काढून तिथे टाकलेला जुना अलार्म आत सेल असेल तर तिथूनही चिकचिकतो. त्यापायी घर डोक्यावर घेतलेलं मी पाहिलं आहे.

सापडला की घड्याळाच्या उलट दिशेला फिरवून खाली उतरवा आणि पाठ बघा. तिथे स्टिकरवर बनवल्याची तारीख छापलेली असते. स्मोक अलार्मचं आयुष्य त्या तारखेपासून १० वर्षं. तुम्ही घर घेतलं तेव्हापासून नाही, बसवला तेव्हापासूनही नाही. दहा वर्षांत आतल्या कप्प्यात धूळ आणि तेलकटपणा साचतो, इलेक्ट्रॉनिक्स थकतं, संपर्काच्या पट्ट्या गंजतात. पांढरं प्लास्टिक जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं पडलं असेल तर तारीख वाचायच्या आधीच उत्तर मिळालं समजा. बऱ्याच नव्या अलार्मना आपलं वय कळतं. मुदत संपली की ते मुद्दाम चिकचिकतात, आणि तेव्हा कितीही नवा सेल घातलात तरी थांबत नाहीत. तुमच्याकडे हेच झालंय का, ते तारीख सांगेल.

तारीख ठीक असेल तर सेलकडे वळा. कोणता सेल चालतो ते झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. तोच घ्या. घरात पडलेला रिचार्जेबल सेल घालू नका, तो फार काळ सूचना न देता एकदम ढेपाळतो. झाकण पुरतं बसलं का, ते बघा. सगळं ठीक करूनही चिकचिक राहिली तर वायरचा प्लग आणि सेल दोन्ही काढून टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. आत उरलेला चार्ज निघून जातो. मग परत जोडा.

आणि एक. घर बांधताना सहाही अलार्म एकाच खोक्यातून आलेले असतात. एकाची मुदत संपली म्हणजे बाकीच्या पाचांचीही संपली. एकेक बदलत बसलात तर पुढचे सहा महिने ह्यांना शिडीवरच राहावं लागेल.

दादा, सुक्या मिरचीची फोडणी पडली की आमचं घर दणाणतं. भाकरी शेवटी विस्तवावर टाकली तरी तेच. अलार्म स्वयंपाकघराच्या दारातच आहे. नवऱ्याने त्याला शॉवर कॅप घातली आहे. गावाहून आई आली आहे, ती दर वेळी घाबरून गॅसच बंद करते. कोणता अलार्म घेऊ?
एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

फोडणीची पत्रं इतकी आली की सगळ्यांना मिळून हे एकच उत्तर.

शॉवर कॅप आज काढा. हे पत्र वाचून संपायच्या आत काढलीत तरी चालेल.

आता मुद्दा. घरच्या अलार्मच्या दोन जाती. एक आयोनायझेशन. त्यात एक लहानसा किरणोत्सारी स्रोत दोन पट्ट्यांमधली हवा भारित करून ठेवतो, त्यामुळे तिथून बारीकसा प्रवाह वाहत असतो. धुराचे कण आत शिरले की प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. ह्या जातीला अतिबारीक, डोळ्यांना न दिसणारे कणही कळतात, आणि तापलेलं तेल, कोरडा तवा, भाजका टोस्ट नेमके तसलेच कण सोडतात. तुमच्या दारात हीच जात टांगलेली असणार. पाठीवर अमेरिशियम २४१ असं छापलेलं सापडेल.

दुसरी जात फोटोइलेक्ट्रिक. आत अंधारा कप्पा, त्यात एक प्रकाशाचा झोत आणि त्या झोताच्या वाटेत नसलेला एक डोळा. धूर आत आला की प्रकाश विखुरतो आणि त्या डोळ्यावर पडतो. हिला धुराचे जाड कण लवकर कळतात. भडकलेल्या ज्वाळा आयोनायझेशनला आधी कळतात, तर धुमसणारी गादी, सोफा, करपत चाललेली वायर फोटोइलेक्ट्रिकला आधी. म्हणून घरात दोन्ही जाती असाव्यात, किंवा दोन्ही एकत्र असलेले अलार्म घ्यावेत. पण स्वयंपाकघराच्या जवळचा फोटोइलेक्ट्रिकच हवा. मॅसॅच्युसेट्समध्ये तर स्वयंपाकघरापासून आणि न्हाणीघरापासून २० फुटांच्या आत हीच जात लावा, असा नियमच आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हिला वाफही धुरासारखीच दिसते, त्यामुळे कुकरच्या शिट्टीच्या तोंडावर हीसुद्धा ओरडेल.

जागा बदला. शेगडीपासून किमान १० फूट. दारातला अलार्म पॅसेजमध्ये सरकवला तरी निम्मी कटकट जाते. सरकवता येत नसेल तर 'हश' बटण असलेला घ्या. ते दाबलं की अलार्म काही मिनिटं सौम्य होतो आणि मग आपोआप पहिल्यासारखा होतो. माणसाने काढलेला सेल मात्र आपोआप परत जात नाही.

नवे अलार्म घ्यायचं आणखी एक कारण आहे. यूएल ही इथली उपकरणं तपासणारी संस्था. तिने आपल्या यूएल २१७ या मानकात अलीकडे स्वयंपाकाची चाचणी घातली आहे. धुमसणारा आणि पेटलेला फोम अलार्मने वेळेत ओळखायचा, पण स्वयंपाकाच्या साध्या धुराला ओरडायचं नाही. ह्या चाचणीत हॅम्बर्गर भाजतात. ब्याडगी मिरचीची फोडणी कोणी घालून बघितली नाही, हे आपलं दुर्दैव. तरी फरक पडतो. जुना काढून नवा बसवल्यावर "आता शांतता आहे" असं सांगणारे फोन मला येतात.

अलार्म बदलला तरी धूर कुठे जातो, ते बघाच. शेगडीवर मायक्रोवेव्ह बसवलेला असेल आणि त्यात पंखा असेल, तर वरच्या जाळीसमोर हात धरा. हातावर वारा लागला, तर तो पंखा धूर बाहेर फेकत नाही, जाळीतून गाळून परत तुमच्याच तोंडावर सोडतो. इथल्या कितीतरी घरांत अशीच व्यवस्था आहे आणि घर घेताना कोणी विचारत नाही. बाहेर फेकणारा पंखा असेल तर तेल तापायच्या आधी लावा, फोडणी करपल्यावर नव्हे. खालची जाळी काढून साबणाच्या गरम पाण्यात धुवा. पहिल्या धुण्याचं पाणी बघून पुढच्या वेळी सांगावं लागणार नाही.

आईंचं काही चुकत नाही. अलार्म वाजल्यावर आधी गॅस बंद, हेच बरोबर. इथल्या घरांत आगी लागतात त्या सगळ्यांत जास्त स्वयंपाकघरातून. फक्त त्यांना एवढं सांगून ठेवा की कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, कढई उचलून बाहेर न्यायची नाही. घट्ट झाकण सरकवायचं, गॅस बंद करायचा आणि गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या अपार्टमेंटमध्ये वास्तुशांत आहे. गुरुजी म्हणतात, हवन छोटंसंच असेल. धुराने स्प्रिंकलर सुटून सगळं भिजलं तर? अलार्म तेवढ्यापुरता झाकून ठेवू का?
एक वाचक, डॅलसजवळून

स्प्रिंकलर धुराला भीक घालत नाही. त्याच्या तोंडाशी काचेची छोटी कुपी असते, आत बहुतेक वेळा लाल द्रव. ती साधारण ६८ अंश सेल्सिअसला तडकते आणि मग पाणी सुटतं, तेही त्या एकाच तोंडातून. सिनेमात एक काडी ओढली की सगळा मजला भिजतो, ते सिनेमातच. म्हणून हवनकुंड स्प्रिंकलरच्या बरोबर खाली मांडू नका, बाकी काळजी नको.

काळजी करायची ती अलार्मची, कारण अपार्टमेंटमध्ये तो दोन तऱ्हेचा असतो. एक फक्त तुमच्या घरापुरता. वाजला तर खिडकी उघडायची, विषय संपला. दुसरा इमारतीच्या पॅनेलला जोडलेला. तो वाजला की संदेश देखरेख करणाऱ्या कंपनीकडे जातो, तिथून अग्निशमन दलाकडे, आणि पूर्णाहुतीच्या वेळी बूट घातलेले चार जण दारात. खोट्या अलार्मचा दंड बऱ्याच गावांत आहे. तुमचा कोणता, ते व्यवस्थापनाला लेखी विचारा. त्याच चिठ्ठीत उघड्या ज्वाळेची परवानगीही विचारा, कारण भाडेकरारात ती बहुधा नाकारलेली असते. परवानगी दिली तर त्यांचा माणूस तेवढ्या वेळापुरती व्यवस्था करील आणि नंतर पूर्ववत करून जाईल. तुम्ही स्वतः काहीही झाकू नका. करार मोडेल, आणि विमा कंपनीला आयतं निमित्त मिळेल.

माझं मत विचाराल तर हवन देवळाच्या हॉलमध्ये करा आणि घरी पूजा, कलश, जेवण. घरीच करायचं असेल तर समिधा खडखडीत वाळलेल्या आणा. धूर ओल्या लाकडाचा होतो, मंत्रांचा नाही.

दादा, दोन महिन्यांत घर विकतोय. तपासनीस येणार आहे. एजंट म्हणतो सगळे अलार्म दहा वर्षांच्या सीलबंद सेलचे लावा. शेजारी म्हणतो काही गरज नाही. खरं काय?
एक वाचक, साउथ ब्रन्सविक, न्यू जर्सी

दोघंही अर्धे बरोबर. न्यू जर्सीत १ जानेवारी २०१९ पासून नियम असा आहे: निव्वळ सेलवर चालणारे सुटे अलार्म असतील, तर ते १० वर्षांच्या सीलबंद सेलचेच हवेत. पण तुमचे अलार्म घराच्या विजेवर चालणारे आणि एकमेकांना जोडलेले असतील, तर ते तसेच राहिले पाहिजेत. ते उपटून तिथे सेलवाले लावणं म्हणजे चांगली व्यवस्था मोडून कमी दर्जाची बसवणं. तपासनीस ते मान्य करणार नाही.

प्रत्येक मजल्यावर एक, बेसमेंट धरून. झोपायच्या खोल्यांच्या बाहेर १० फुटांच्या आत एक. तिथेच जवळ कार्बन मोनॉक्साइडचा. आणि स्वयंपाकघरापासून १० फुटांच्या आत भिंतीला अडकवलेलं अग्निशामक, ज्यावर किमान २ए:१०बी:सी असं लिहिलेलं असेल. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि त्यासाठी दुसऱ्यांदा फेरी पडते.

बदलायचं काम अवघड नाही. ब्रेकर बंद करा. जुना फिरवून काढा, मागचा प्लग दोन्ही बाजूंच्या कळा दाबून ओढा. त्याच कंपनीचा नवा घेतलात तर बऱ्याचदा तोच प्लग बसतो आणि पाच मिनिटांत काम होतं. दुसऱ्या कंपनीचा घेतलात तर प्लगही बदलायचा आणि छतावरची पट्टीही. काळी, पांढरी आणि एक तिसरी वायर असते, जिच्यावरून एक अलार्म बाकीच्यांना उठवतो. ती तिसरी चुकली तर अलार्म एकटा वाजेल, पण बेसमेंटमधली आग वर झोपलेल्यांना कळणार नाही. एकाच साखळीत दोन कंपन्यांची खिचडी करू नका. वायर उघडायला हात कचरत असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. सगळं जोडून झालं की एकाला बेसमेंटमध्ये उभं करा आणि वरचं बटण दाबा. खाली वाजलं पाहिजे.

कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची मुदत वेगळी असते, ५ ते १० वर्षं, बनावटीप्रमाणे. पाठीवर वाचा. ह्या वायूला ना रंग ना वास, म्हणून आवाज ओळखायला शिका: धुराचा तीन ठोके आणि विराम, मोनॉक्साइडचा चार ठोके आणि विराम. चार ऐकू आले तर खिडक्या उघडत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ लावा.

विकण्याआधी रंग काढणार असाल तर रंगाऱ्याला सांगून ठेवा. एका बेसमेंटमध्ये मला अलार्म सापडेचना. होता, पण छताच्याच रंगाचा. स्प्रेने छताबरोबर तोही रंगवला होता. कडेची जाळी नखाने खरवडली तर रंगाची सलग साल निघाली, भोकं पार बुजलेली. गंमत म्हणजे बटण दाबल्यावर तो खणखणीत वाजला. बटण सर्किट आणि भोंगा तपासतं, पण धूर आत शिरतो की नाही, ते बटणाला कळत नाही. रंगलेला अलार्म पुसून चालत नाही, बदलावाच लागतो. रंगकाम किंवा लाकूडकाम चालू असेल तेवढा वेळ अलार्म झाका आणि संध्याकाळी आठवणीने उघडा.

वडील ८१ वर्षांचे आहेत. रात्री श्रवणयंत्र काढून झोपतात. परवा अलार्म तपासला तर ते शेजारच्या खोलीत शांतपणे पेपर वाचत होते.
एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

हे तपासलंत ते फार चांगलं केलंत, बहुतेक जण तपासत नाहीत. नेहमीच्या अलार्मचा सूर ३००० हर्ट्झच्या आसपासचा, कर्कश. वयानुसार कान आधी सोडतात ते हेच वरचे सूर. म्हणून आवाज वाढवून उपयोग नाही, सूर खाली आणावा लागतो. ५२० हर्ट्झचा, खर्जातला भोंगा असलेली उपकरणं मिळतात, आणि झोपलेल्या माणसाला, विशेषतः कमी ऐकू येणाऱ्याला, ती जास्त खात्रीने उठवतात. त्यांच्याबरोबर गादीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही मिळते. स्मोक अलार्म वाजला की ती पलंग हलवते. दोन्ही घ्या. शिवाय वडिलांच्या खोलीत स्वतंत्र अलार्म हवा, बाहेरच्याशी जोडलेला.

लहान मुलंही ह्या आवाजात ढाराढूर झोपू शकतात. त्यामुळे कोणी कोणाला उठवायचं, ते घरात आधीच ठरवून ठेवा. आणि रात्री खोल्यांची दारं लावून झोपा. आपल्याला दारं उघडी ठेवायची सवय असते, पण बंद दार धूर आणि उष्णता बराच वेळ अडवून धरतं.

अलार्ममध्ये किरणोत्सारी पदार्थ असतो, असं मुलीला शाळेत सांगितलं. बाळाच्या खोलीत ठेवणं सुरक्षित आहे का? आणि जुना टाकायचा कुठे?
एक वाचक, सिअ‍ॅटल

असतो, फक्त आयोनायझेशन जातीत. अमेरिशियम २४१, साधारण एक मायक्रोक्युरी, धुळीच्या कणाएवढं. त्याचे अल्फा कण दोन-चार सेंटिमीटर हवेतच थांबतात, प्लास्टिकच्या बाहेर येत नाहीत. ठेवा बिनधास्त. फक्त स्क्रूड्रायव्हर घेऊन आतला कप्पा उघडायचा नाही. टाकण्याबाबत इथल्या पर्यावरण खात्याचं म्हणणं असं की घरच्या कचऱ्यात टाकला तरी चालतो. काही ठिकाणी वेगळी सोय असते, तेव्हा आपल्या काउंटीत विचारा. टाकण्याआधी सेल काढा, नाहीतर कचऱ्याचा डबा चिकचिकेल.

नमस्कार. आम्ही दोघंच ठाण्यात राहतो, जुनी सोसायटी, चौथा मजला. मुलगा अमेरिकेहून दोन स्मोक अलार्म आणतो म्हणतो. इथे चालतील का? त्याने गॅस गळतीही कळेल का?
एक ज्येष्ठ वाचक, ठाणे

सेलवर चालणारा चालेल. विजेवर चालणारा मुळीच आणू देऊ नका. तो १२० व्होल्टचा, आणि आपल्याकडे २३० व्होल्ट. मुलाला सांगा, सीलबंद सेलचा फोटोइलेक्ट्रिक घे आणि हातातल्या बॅगेतून आण.

एक झोपायच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये लावा, दुसरा खोलीत. स्वयंपाकघरात नको, देवघराच्या डोक्यावर नको. उदबत्ती रोज असते. आपल्याकडे प्रत्येक खोलीत पंखा, म्हणून पात्याच्या टोकापासून ३ फूट तरी लांब ठेवा, नाहीतर धूर अलार्मपर्यंत पोचायच्या आधीच उडून जातो. छतात भोक पाडायचं नसेल तर भिंतीवर लावा, छतापासून १२ इंचांच्या आत. ठाण्याची धूळ इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. दर महिन्याला बटण दाबून तपासा आणि त्याच वेळी कोरड्या मऊ ब्रशने जाळी झाडा. कोळी आणि मुंग्या आत घर करतात, आणि कप्प्यात हललेला कोळी अलार्मला धूरच वाटतो.

गॅस मात्र त्याला कळत नाही. त्याचं यंत्र वेगळं, आणि त्याची जागा गॅसवर ठरते. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून यंत्र जमिनीपासून फूटभर उंचीवर. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, म्हणून यंत्र छताजवळ. सिलिंडरवरून पाइपवर आलेल्या घरांत यंत्र जुन्याच जागी खाली राहिलेलं असतं. तुमच्याकडे तसं नाही ना, ते बघा.

अलार्म वाजल्यावर बाहेर पडता आलं पाहिजे. दाराच्या आतल्या कुलपाची आणि खिडकीच्या ग्रिलची किल्ली कपाटात नको, दाराजवळ पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खुंटीवर. लिफ्ट वापरायची नाही, जिन्यात सायकली आणि चपलांची कपाटं नकोत. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला एक प्रश्न विचारा: आपल्या इमारतीचा 'फॉर्म बी' भरला का? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून हे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, त्यावरून काय ते कळेल. अग्निशमन दलाचा नंबर १०१.

आम्ही दोघं सत्तरीचे. अलार्म जिन्याच्या डोक्यावर आहे. हात पोचत नाही आणि मुलांनी शिडी चढायला बंदी केली आहे. दर महिन्याला तपासायचा कसा?
एक वाचक, पार्सिपनी, न्यू जर्सी

झाडूच्या दांड्याने. दांड्याच्या टोकाला फडक्याची गुंडाळी बांधा आणि बटण दाबा, भोंगा वाजेपर्यंत धरून ठेवा. कानाशी नको वाटत असेल तर कापूस घाला.

बदलायला मात्र जिन्यावर शिडी लावू नका. गावाच्या अग्निशमन दलाच्या साध्या नंबरवर फोन करा, ९११ वर नाही. ज्येष्ठांच्या घरी अलार्म बसवून देणारी दलं पुष्कळ आहेत. अमेरिकन रेड क्रॉसही बऱ्याच भागांत फुकट बसवून देतो. फोन करताना घर किती मजली, झोपायच्या खोल्या किती आणि आत्ताचे अलार्म विजेवरचे की सेलवरचे, एवढं कागदावर लिहून जवळ ठेवा. विजेवरचे आहेत की नाहीत ते खालूनही कळतं: टेस्ट बटणाजवळ हिरवा दिवा सतत जळत असेल, तर बहुधा विजेवरचे.